समोरच्या खुर्चीतला बाण

ही घटना खरी आहे.

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, माझं काही म्हणणं नाही. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी भाची आहे, अक्षता. लहानपणापासून तिला बघत आलोय. उगाच घाबरणाऱ्यातली ती नाही. गावी चुलीमागे साप निघाला तेव्हा घरातले सगळे ओट्यावर चढून बसले होते आणि ही पोर त्याला बघायला बॅटरी शोधत होती.

आणखी एक सांगतो. भुताखेताचं म्हटलं की माणसं रात्र धरून चालतात. हे रात्री घडलेलं नाही. गेल्या वर्षी जानेवारीत, गुरुवारी, भर दुपारी घडलं. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या आतल्या बाजूला, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली वडापावची गाडी चालू होती. दोन रिक्षावाले पार्किंगवरून भांडत होते.

फक्त त्या एका खोलीत दिवस नव्हता.

तिथे दिवस येऊच देत नाहीत.

अक्षता मुलुंडच्या एका लॅबमध्ये कामाला आहे. घर घाटकोपरला, भटवाडीत. लोकांचं रक्त काचेच्या पट्टीवर पसरायचं, वाळवायचं, मायक्रोस्कोपखाली बघायचं, हे तिचं रोजचं काम. हाताला सफाई आहे. पण एवढ्या वर्षांत एक गोष्ट तिने कधी केली नव्हती.

स्वतःचं रक्त तिने कधी बघितलं नव्हतं.

तिचा थोरला भाऊ प्रीतम रक्ताच्या कर्करोगाने गेला. आधी नुसता अंगात ताप असायचा. माझी बहीण काढे करून पाजत राहिली. कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्या दिवसापासून अक्षताच्या मनात एक किडा शिरला… तेच माझ्यातही असलं तर? हा आजार भावंडांत असा वाटला जात नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिलाही ठाऊक होतं, शिकलेली आहे. पण न बघितलं म्हणजे नाही, असं तिने धरून ठेवलं होतं. इतरांचं हवं तेवढं बघेन, माझं नाही.

मग लॅबने तिला पाच दिवसांच्या कार्यशाळेला पाठवलं.

पेशींच्या आतली गुणसूत्रं चमकणाऱ्या रंगांनी रंगवायची, अंधारात मायक्रोस्कोपखाली बघायची, त्यांचे फोटो काढायचे, असलं ते शिक्षण होतं. नुसतं ऐकायचं नाही, सगळं आपल्या हाताने करायचं. शिकवायला चेतना मॅडम होत्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, आवाज चढवायच्या नाहीत पण समोरच्याला सोलून काढायच्या.

पहिल्याच सकाळी त्या म्हणाल्या, "शिकायला पेशंटचं रक्त मिळणार नाही. दोघादोघांच्या जोड्या करा. जोडीतल्या दोघांनी आपापलं रक्त द्यायचं आणि तेच बघायचं. निरोगी रक्त कसं दिसतं ते आधी शिका."

अक्षताने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

तिच्या जोडीला केतन नावाचा मुलगा आला. बोरिवलीचा. तिकडे एका खासगी लॅबमध्ये होता. रोज आरेतून बाइक मारत यायचा आणि आल्यापासून त्याचं तोंड चालू.

"काय गं, पांढरी का पडलीस? दुसऱ्यांना टोचताना काही वाटत नाही ना?"

"तुझं एकट्याचं पुरेल ना दोघांना."

"वा. मी एकट्याने का म्हणून? मॅडम दोघांचं म्हणाल्यात."

शेवटी दोघांचं रक्त काढलं. दोन नळ्या, दोघांची नावं. पुढचे दोन दिवस त्यातल्या पेशी वाढवण्यात, धुण्यात, काचेवर थेंब सोडण्यात गेले. अक्षताने दोघांच्याही स्लाइड केल्या. स्वतःची करताना मात्र तिने काच उजेडाकडे धरूनसुद्धा बघितली नाही. पेन्सिलने नाव घातलं आणि काळ्या डब्यात टाकून दिली.

बुधवारी मॅडमनी सगळ्यांना अंधारी खोली दाखवली.

खिडकी नाही. भिंती काळ्या. दाराला आतून जाड काळा पडदा. मधे टेबल आणि टेबलावर दोन तोंडांचा मायक्रोस्कोप. एका बाजूला शिकणाऱ्याने बसायचं, समोर शिकवणाऱ्याने. दोघांनी मायक्रोस्कोपच्या आपापल्या बाजूच्या नळ्यांना डोळे लावले की दोघांना एकच दिसतं. स्लाइड सरकवायचे स्क्रू फक्त शिकणाऱ्याच्या बाजूला. समोर बसणाऱ्याच्या हातात एकच गोष्ट. एक बाण.

पांढऱ्या उजेडाचा छोटासा बाण. एका दांडीने तो हलवायचा, गोल फिरवायचा आणि ही पेशी बघ, ती बघ, असं समोरच्याला दाखवायचं.

"काळ्यात निळ्या दिसतील त्या पेशी," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येकीत दोन लाल ठिपके, दोन हिरवे. सुटे सुटे दिसले तर माणूस निरोगी. लाल आणि हिरवा एकमेकांत मिसळून पिवळा झाला तर रक्ताचा कर्करोग. एखाद्या पेशीत ठिपके योगायोगाने एकावर एक पडतात, त्याला भिऊ नका. पेशीमागून पेशी पिवळी निघाली, तर भ्या."

अक्षता खाली बघत राहिली. प्रीतमचा रिपोर्ट तिला पाठ होता.

"आणि टक लावून बसू नका. दिव्याखाली हे ठिपके फिके होत जातात. जितकं बघाल तितकं विझतं."

मग त्यांनी दोन नियम सांगितले.

दाराबाहेर लाल दिवा आहे. तो लागलेला असला तर कितीही घाई असो, दार उघडायचं नाही. आत उजेड शिरला की काम गेलं.

दुसरा नियम सांगताना त्यांनी दोन काळी टोपणं हातात घेतली.

"समोर कुणी बसणार नसेल, तर समोरच्या नळ्यांवर ही टोपणं घालायची. आधी टोपणं, मग दिवा बंद. विसरायचं नाही."

"का मॅडम?" केतनने विचारलं.

"बाहेरचा उजेड नळीतून आत जातो."

"पण खोलीत उजेडच नसतो ना?"

सगळे हसले.

मॅडम हसल्या नाहीत. "नाव काय तुझं?"

"केतन."

"केतन, टोपणं घालायची."

गुरुवारी जेवणानंतर दोघांचा नंबर लागला.

अंधाऱ्या खोलीच्या दारात अक्षताने काळा डबा उघडला. दोन स्लाइड शेजारी शेजारी होत्या.

"तुझी आधी घालूया," ती म्हणाली.

"का? लेडीज फर्स्ट."

"तुझी घाल म्हटलं ना."

"फाटली ना तुझी? सोमवारपासून बघतोय." केतन हसला. "बरं, माझी घाल. माझं रक्त एकदम झकास आहे. बघ आणि शिक. तू लावून ठेव, मी चहाचा कप ठेवून आलोच."

तो गेला. अक्षता आत शिरली. केतनची स्लाइड लावली. तो येतोय म्हणून समोरच्या नळ्यांवरची टोपणं काढून टेबलावर ठेवली. खोलीचा दिवा बंद केला. आणि शेजारच्या, बाहेरचा लाल दिवा लावायच्या बटणावरही तिचा हात गेला.

तिच्या ध्यानातही आलं नाही.

आता खोलीत काही दिसत नव्हतं. मशीनच्या पंख्याची घरघर तेवढी. तिने आपल्या बाजूच्या नळ्यांना डोळे लावले आणि मायक्रोस्कोपच्या दिव्याची झडप उघडली. काळ्यावर निळ्या पेशी उमटल्या. आत लाल, हिरवे ठिपके. सुटे सुटे. छान.

आणि तेवढ्यात…

समोरच्या खुर्चीची चाकं सरकली.

गादीतून हवा गेली, फुस्स. कुणीतरी बसलं.

"आलास? किती हळू दार उघडलंस रे."

उत्तर नाही.

दार उघडलं असतं तर उजेडाची रेघ आली असती. पण तिचे डोळे नळ्यांना होते. तिला तेव्हा सुचलं नाही.

बाण दिसला.

तो समोर दिसणाऱ्या गोल चकतीच्या कडेने आत आला. सावकाश. जरासा थरथरत, जसा नवख्याच्या हातात थरथरतो. एका पेशीपाशी थांबला. अक्षताने ठिपके मोजले. बाण पुढच्या पेशीवर गेला. तिने मोजले. पुढच्या.

"चांगला चालवतोयस की. आज तोंड बंद आहे म्हणून जमतंय वाटतं."

बाण एका पेशीपाशी थांबला.

तिच्यात एक ठिपका पिवळा होता.

"योगायोग असेल," ती म्हणाली. तिने स्क्रू फिरवून स्लाइड पुढे घेतली.

बाण जागचा हलला नाही. रिकाम्या काळ्या जागेत नुसता थांबला होता. वाट बघत असल्यासारखा. स्लाइड सरकली, एक पेशी आत आली आणि बरोबर त्या बाणाच्या टोकापाशी येऊन थांबली…

पिवळी.

तिने पुन्हा स्लाइड सरकवली. बाण आधीच दुसऱ्या जागी जाऊन उभा होता. पेशी आली.

पिवळी.

समोरचा बघणारा स्लाइड सरकवू शकत नाही. पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही.

"केतन… हे तुझं रक्त आहे. तुला दिसतंय का?"

टेबलाखाली तिच्या घोट्याला पाय लागला.

"पाय काढ."

पाय निघाला नाही. उलट घोट्यावरून पोटरीकडे सरकला. गार होता. आणि नखं लागत होती.

या मजल्यावर बंद बूट घातल्याशिवाय कुणाला आत घेत नाहीत. मॅडमनी पहिल्या दिवशी एका मुलीला सँडल घातले म्हणून परत पाठवलं होतं.

हा पाय अनवाणी होता.

ती पाय मागे घेणार, तोच बाहेरून दारावर टकटक झाली.

"अक्षता. लाल दिवा कशाला लावलास यार? मी कधीचा बाहेर उभा आहे. येऊ का आत?"

केतनचा आवाज होता.

दाराबाहेरून.

तिचे डोळे नळ्यांवरून हलेनात. समोर बाण दिसत होता. तो आता कुठल्याच पेशीवर नव्हता. मधोमध येऊन थांबला होता. मग तो जागच्या जागी फिरायला लागला. घड्याळाच्या काट्यासारखा… सावकाश… टोक खाली येईपर्यंत.

खाली म्हणजे तिच्याकडे.

तिने झडप बंद केली. मिट्ट काळोख झाला. आणि त्या काळोखात गादीतून हवा सुटली.

फुस्स.

कुणीतरी उठलं. मग चाकं वाजू लागली. टेबलाच्या त्या टोकाकडून… वळसा घालून… या बाजूला.

चाकं तिच्या उजव्या हाताशी थांबली.

"अगं बोल ना. उघडतो मी," असं म्हणत केतनने दार उघडलं, पडदा बाजूला केला आणि दिवा लावला.

समोरची खुर्ची समोर नव्हती. ती अक्षताच्या खुर्चीला खेटून उभी होती, दोन्ही खुर्च्यांचे हात एकमेकांना लागलेले.

"हे काय? माझी खुर्ची इकडे कशाला ओढलीस?" केतन म्हणाला. मग त्याने तिचं तोंड बघितलं आणि मॅडमना हाक मारली.

आवाज ऐकून चेतना मॅडम आल्या. अक्षताने जमेल तसं सांगितलं. मॅडम टेबलाच्या पलीकडे गेल्या आणि समोरच्या नळ्यांकडे बघत राहिल्या.

त्या मायक्रोस्कोपच्या नळ्या जवळ-लांब करता येतात. ज्याने त्याने आपल्या डोळ्यांच्या अंतराप्रमाणे करून घ्यायच्या. समोरच्या दोन्ही नळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. इतक्या की माणसाचे दोन डोळे तिथे लागूच शकत नाहीत.

मॅडमनी त्या दोन्ही हातांनी लांब केल्या. टोपणं घातली. मग इकडच्या बाजूला येऊन स्लाइड बघितली. बराच वेळ बघितली.

"सगळं नॉर्मल आहे," त्या म्हणाल्या. "एकही पिवळी नाही."

केतनने बघितलं. त्यालाही एकही दिसली नाही.

"मॅडम, ही माझं रक्त बघून घाबरली," तो म्हणाला. "बोरिवलीचं आहे ना, सवय नसेल."

मॅडमनी त्याच्याकडे वळून विचारलं, "स्लाइड तुझी होती?"

"हो."

"तिची नव्हती?"

"नाही. तिनेच माझी आधी घालायला लावली."

"बरं," मॅडम म्हणाल्या. आणि त्यांनी केतनच्या खांद्यावर हात ठेवला. "दमला असशील. चल, चहा घेऊ."

चार दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या केतनशी गोड बोलल्या. घरी कोण कोण असतं, जेवण वेळेवर करतोस का, असं विचारत राहिल्या. अक्षता मला म्हणाली, "मामा, पायाला पाय लागला तेव्हा मी घाबरले. पण खरी घाबरले ती त्यांना हसताना बघून."

शुक्रवारी तिची स्वतःची स्लाइड बघायची बाकी होती. मॅडम सर्वांसमोर म्हणाल्या, "राहू दे. तुझी नाही बघितली तरी चालेल."

केतनने डोळा मारला. "माझ्यावर निभावलं तुझं."

सर्टिफिकेटं मिळाली. फोटो काढले. प्रत्येकजण आपापल्या स्लाइड घरी घेऊन गेला. अक्षताने तिची त्या काळ्या डब्यातच सोडली.

होळी झाल्यानंतर केतनचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"लॅबमध्ये. का रे, आवाज असा काय?"

"ताप जात नव्हता. रिपोर्ट आलाय. तुला माहितीय काय आलंय."

तिने हातातली काचेची पट्टी खाली ठेवली.

"बोल ना. तू बघितलं होतंस. पिवळ्या होत्या म्हणालीस."

"केतन, ते मॅडमनी बघितलं, तूही बघितलंस. एकही नव्हती."

"तेव्हा नव्हती. तेच विचारतोय मी. तेव्हा नव्हती आणि आता आहे. मग तू काय बघितलंस?"

"मला नाही माहीत."

"टोपणं तू काढलीस. दिवा तू लावलास. माझी आधी घाल, तुझी घाल म्हटलं ना, हे कोण म्हणालं?"

"मी मुद्दाम नाही केलं रे."

"तुझा भाऊ यानेच गेला हे मला त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

हे त्याला कुणी सांगितलं होतं, तिला कळलं नाही. तिने कार्यशाळेत कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं?"

"तुझी स्लाइड अजून तिथेच आहे ना," केतन म्हणाला. "बघ ती. मी एकट्याने का म्हणून?"

फोन कट झाला. परत कधी त्याने तिचा फोन उचलला नाही. त्याच्या गोळ्या चालू आहेत, फरक आहे, असं दुसऱ्यांकडून कळतं. तेवढंच.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी तिने ठरवलं, स्लाइड आणायची आणि फोडून टाकायची. मेट्रोने मरोळ नाक्याला उतरली आणि सरळ तिसऱ्या मजल्यावर गेली. चेतना मॅडम टेबलापाशी पेपर वाचत होत्या. त्यांनी काय हवंय ते विचारलं नाही. कपाटातून काळा डबा काढून तिच्यापुढे ठेवला.

तिचा खण रिकामा होता.

"कुणी काढली?"

मॅडमनी पेपराची घडी घातली आणि कॉरिडॉरच्या टोकाकडे मान वळवली.

अंधाऱ्या खोलीच्या दारावर लाल दिवा लागला होता.

"आत कोण आहे?"

"आज सुट्टी आहे," मॅडम म्हणाल्या. "तू आणि मी."

दोघी दाराबाहेर उभ्या राहिल्या. मॅडमनी कडीला हात लावला नाही. लाल दिवा लागलेला असताना दार उघडायचं नाही, ही सवय त्यांच्या हाडात होती, की आणखी काही, कोण जाणे. आतून पंख्याची घरघर येत होती.

"तुम्हाला माहीत होतं," अक्षता म्हणाली.

"टोपणं घालायला सांगितलं होतं मी."

"कोण आहे ते?"

"मी विचारलं नाही कधी."

"मग मशीन काढून का नाही टाकत?"

मॅडम तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "काढलं होतं. समोरची बाजू खोलून खाली पाठवली होती. तरी बाण दिसायचा. म्हणून परत लावली. टोपणं घालायला निदान जागा राहते."

"तुम्ही तुमचं रक्त कधी बघितलंय, इथे?"

आणि मग…

लाल दिवा विझला.

आपोआप. आतल्याचं काम झाल्यासारखा.

मॅडमनी दार ढकललं. खोलीत कुणी नव्हतं. मायक्रोस्कोप चालू होता. झडप उघडी होती आणि काचेवर निळा उजेड पडत होता. त्याखाली स्लाइड होती, आणि टोकाला पेन्सिलने लिहिलेलं नाव. अक्षताच्याच अक्षरात.

समोरची टोपणं काढलेली होती. नळ्या एकमेकींना चिकटलेल्या.

इकडच्या बाजूची खुर्ची बसण्यापुरती मागे ओढून ठेवली होती. इकडच्या नळ्यासुद्धा लावून ठेवल्या होत्या. अक्षताला लांबूनच कळलं, ते तिच्याच डोळ्यांचं अंतर होतं.

"बघायचं असेल तर आत्ता बघ," मॅडम दारातूनच म्हणाल्या. "नाहीतर विझेल."

अक्षता टेबलापाशी गेली. त्या नळ्यांतून बारीक उजेड वर येत होता, दोन ठिपक्यांसारखा. वाकायचं तेवढं बाकी होतं. एवढी वर्षं जे बघायचं टाळलं, ते तिथे होतं. असेल किंवा नसेल. एका नजरेत कळलं असतं.

तेवढ्यात तिला आठवलं. केतनच्या काचेत त्या दिवशी कुणालाच काही दिसलं नव्हतं. फक्त तिला दिसलं होतं. बाण दाखवेल तिथे, बाण दाखवल्यावर.

तो असलेलं दाखवत होता… की नसलेलं तिथे ठेवत होता?

तिने डोळे मिटले. चाचपत झडप बंद केली, स्लाइड ओढून काढली आणि पाठ न फिरवता उलट्या पावलांनी बाहेर आली. ती जिने उतरेपर्यंत मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांनी दार लावलं नव्हतं.

स्लाइड फोडायची तिची हिंमत झाली नाही. फोडली आणि काही झालं तर? घरात ठेवायची नाही, कारण तिच्या आईला काय सांगणार? ती तशीच माझ्याकडे आली. माझी खोली पंतनगरला आहे, मी एकटाच असतो. चांदीच्या कागदात गुंडाळलेली काच तिने माझ्या हातात दिली.

"मामा, तू ठेव. तुझ्याकडे मायक्रोस्कोप नाही. तू बघणार नाहीस."

त्यानंतर मी तिच्या मागे लागून तिचं साधं रक्त तपासून घेतलं. स्वच्छ आलं. मी पेढे आणले. तिने पेढा हातात धरला आणि म्हणाली, "केतनचंही त्या दिवशी स्वच्छच होतं."

काच मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातली आणि डबा कपाटात, कपड्यांच्या मागे. कपाटाला कुलूप. त्याला वर्ष होत आलं.

माझ्या खोलीत एकच खुर्ची आहे, प्लास्टिकची. तिला चाकं नाहीत. ती दाराशी असते, पेपर वाचायला बरी पडते.

दुपारी जेवून मी जरा आडवा होतो. हल्ली झोपेत आवाज येतो. चाकं सरकल्यासारखा… लांबून… वळसा घालून. वयाचं काहीतरी असेल म्हणून मी कूस बदलतो.

उठून बघतो तर खुर्ची कपाटासमोर असते. कपाटाकडे तोंड करून.

मी ती उचलून परत दाराशी ठेवतो.

अक्षता दर रविवारी फोन करते. इकडचं तिकडचं बोलते आणि शेवटी विचारते, "मामा, आहे ना ती? कुणी बघितली नाही ना?"

"आहे गो," मी म्हणतो. "कोण बघतोय इथे."

खुर्चीचं मी तिला सांगितलेलं नाही.